मोहाखाली टाकलेला सडा

पंचनाम्यात लिहिलं आहे की माझी बायको जंगलात चोरी करताना मेली. 'चोरी' हा शब्द त्यात नाही. साहेब लोक असा शब्द वापरत नाहीत. त्यात असं आहे : "मयत महिला ही अभयारण्याच्या हद्दीत विनापरवाना प्रवेश करून मोहफुले गोळा करीत असताना वाघाने हल्ला केल्याने मृत झाली." मी चौथी शिकलो. विनापरवाना म्हणजे काय ते कळायला पाचवी लागत नाही.

ती आत गेली नव्हती. मला एवढंच लिहायचं होतं. पण एवढ्यानं कोणी मानत नाही, म्हणून सगळं लिहितो.

आमचं गाव पवनीच्या बाजूला. गावाच्या टोकाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत आणि बांध्या संपल्या की जंगल. शेवटची बांधी आमची. तिच्या धुऱ्यावर, बांधावर म्हणा, मोहाचं झाड आहे. ते सातबाऱ्यावर चढलेलं आहे, माझ्या बापाच्या काळापासून. झाडापासून चाळीस पावलं पुढं चुना मारलेला दगडांचा ढीग आहे, जंगलखात्याच्या हद्दीची खूण. आम्ही त्याला मुनारा म्हणतो. मुनाऱ्याच्या अलीकडं माणसांचं, पलीकडं वाघाचं आणि फारेस्टवाल्यांचं.

आमच्या गावात मुनारा न ओलांडलेला माणूस सापडणार नाही. मीही ओलांडला आहे. काड्या आणल्या, तेंदूची पानं आणली, एकदा तर बैलगाडीचं लाकूड आणलं. ती मात्र जात नव्हती. त्याला कारण होतं. पोरगा लहान होता तेव्हाची गोष्ट. ती चार बायांसोबत काड्या आणायला गेली आणि त्या वेळच्या गार्डानं पकडलं. कुऱ्हाड घेतली, मोळी घेतली, आणि नाक्यावर दिवसभर उन्हात बसवून ठेवलं. संध्याकाळी वहीत नावं लिहून सोडलं. बाकीच्या बाया हसत घरी आल्या. ही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माह्या बापाच्या घरी कोणाचं नाव वहीत नाही चढलं. आता मुनाऱ्याच्या पलीकडं पाय टाकीन तर त्याची पोरगी नाही."

आणि नाही टाकला. बकरी आत गेली तर ही मुनाऱ्याजवळ उभी राहून हाका मारायची. बकरी ऐकायची नाही. एक बकरी तशीच बिबट्यानं नेली, तरी ही इकडंच उभी. गावच्या बाया म्हणायच्या, "मुनारा तुहा सासरा लागते का वो? डोक्यावर पदर घेऊन उभी राहतेस." ती म्हणायची, "सासरा बरा होता. त्यानं कधी उन्हात नाही बसवलं."

हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण गावाला माहीत असलेली गोष्ट पंचनाम्यात जात नाही.

होळी होऊन आठ दिवस झाले होते. मोहाचं फूल रात्रीतून गळायला लागते आणि सकाळी ऊन चढेपर्यंत गळत राहते. म्हणून बाया उजाडता उजाडता जातात. मोहाखालची जागा आधीच पालापाचोळा झाडून, शेणाचा सडा टाकून ठेवतात, म्हणजे फुलाला माती लागत नाही. आमच्या झाडाखाली तिनं असं अंगण केलं होतं की तिथं पाट मांडून जेवायला बसावं.

त्या दिवशी मी सोबत गेलो नाही. गुडघा धरला होता. ती टोपली घेऊन निघताना म्हणाली, "अजी, चुलीवर दूध आहे. मांजरीचं पिऊन झालं की मग उठाल तुम्ही." मी म्हणालो, "तू जाय ना मुकाट्यानं." शेवटचं बोलणं हेच. चाळीस वर्षांच्या वर संसार केला आणि शेवटी मी तिला मुकाट्यानं जा म्हणालो.

दूध उतरवून मी ओसरीत बसलो होतो. माझी चुलत वहिनी धावत आली. तिचं मोहाचं झाड आमच्यापासून दोन बांध्या सोडून आहे, ती पण तिथंच वेचत होती. म्हणाली, "भाऊजी, नेलं. मोहाखालून नेलं तिले जी."

मी विचारलं, "कोणं?"

असा मी शहाणा. जंगलाला लागून जन्म काढला आणि विचारतो कोणं.

लोक काठ्या घेऊन, डबे वाजवत धावले. कोणी गार्डाला फोन केला. खोटं कशाला बोलू, फारेस्टवाले लवकर आले. जीप आली, गावोगावची जी वाघ हाकलायची टोळी ठेवली आहे ती आली. त्यांनी फटाके फोडले. वाघ उठून आत गेला. माझी बायको पळसाच्या झुडपाजवळ पडली होती. मुनाऱ्यापासून पंचवीस-तीस पावलं आत. इतक्या वर्षांत एकदाही ती जिथं गेली नाही, तिथं तिला नेऊन टाकली होती.

गार्डानं मला हातानं अडवलं. तो बाजूच्याच गावचा आहे, त्याचं लग्न मी जेवलो आहे. "बाबाजी, थांबा जी. जनावर दूर नाही गेलं. साहेब आल्याशिवाय कोणाले जाऊ देता येत नाही मले." त्यांनी झाडांना दोरी बांधली. मी दोरीच्या बाहेर उभा राहिलो. त्यानं आपला गमछा काढून तिच्या अंगावर टाकला. त्याचं पुढचं वागणं लिहीन तेव्हा हेही ध्यानात ठेवावं.

रेंजर साहेब यायला वेळ होता. मी परत मोहाखाली आलो. तिथं तिची टोपली कलंडली होती. फुलं सांडली होती. एक चप्पल झाडाच्या मुळाशी होती. आणि सड्यावर रक्त होतं, दोन हात जागेत. तिथून मुनाऱ्याकडं ओढत नेल्याची रेघ गेली होती. पण तिच्यावरून अर्धं गाव काठ्या घेऊन धावलं होतं, त्यामुळं रेघ कमी आणि पायांचे ठसे जास्त. रक्तावर मुंग्या लागल्या होत्या. गावातली दोन कुत्री लोकांच्या मागं आली होती. त्यातलं एक वास घेत आलं आणि चाटायला लागलं.

मी त्याला ढेकूळ मारलं. ते थोडं दूर जाऊन बसलं आणि बघत राहिलं.

वहिनी धुऱ्यावर डोकं धरून बसली होती. म्हणाली, "भाऊजी, रगत असं उघडं ठेवू नाही. घरच्या माणसाचं आहे."

आमच्याकडं तसंच आहे. माणसाचं रक्त जमिनीवर पडलं, बाळंतपणात पडो की मार लागून पडो, ते उघडं ठेवत नाहीत. शेणाचा सडा टाकून पुसतात आणि जिथं पुसलं तिथं कोणाचा पाय पडू देत नाहीत. त्यात ते मोहाचं झाड. मोसमाचं पहिलं फूल देवाला वाहिल्याशिवाय आम्ही तोंडात घालत नाही. हे काम बायांचं. आमच्या घरात बाई ती एकच होती, सून भंडाऱ्याला. वहिनी धुऱ्यावरून उठत नव्हती.

मग मीच केलं. जन्मात कधी सडा टाकला नव्हता. बांधीत बैलांचं शेण पडलं होतं ते घेतलं, बोडीतून, बाजूच्या तळ्यातून, डब्यानं पाणी आणलं, कालवलं आणि टाकलं. तिचा खराटा झाडाला टेकून होता, त्यानं सारखं केलं. सांडलेली फुलं टोपलीत भरून बोडीच्या पाण्यात सोडली. चप्पल घरी नेऊन ठेवली. कोणी मला थांबवलं नाही. दोन-चार जण बघत होते, त्यातल्या एकानं तर पाणी आणून दिलं. सगळ्यांना वाटलं, बरोबर करून राहिला म्हातारा.

मलाही तसंच वाटलं. त्या सकाळी माझ्या हातून तिच्यासाठी एवढंच झालं, असं वाटलं.

साहेब आले तोवर ऊन चढलं होतं. आधी त्यांच्या गाडीला लोकांनी घेरलं. चाकांची हवा सोडली. "वाघ पाहिजे का माणूस पाहिजे ते सांगा," असं ओरडू लागले. एकानं गार्डाची टोपी उडवली. पोलीस आले. जे ओरडत होते त्यातल्या अर्ध्यांना माझ्या बायकोचं नावही सांगता आलं नसतं, फलाण्याची माय एवढंच माहीत. मी ओरडलो नाही. मी दोरीजवळ बसून होतो, कधी घरी नेऊ देतात याची वाट बघत.

पंचनामा सुरू झाला. साहेब तरुण, दूरचा, पुस्तकातलं मराठी बोलणारा. टेप लावून मुनाऱ्यापासून मोजलं. मग माझ्याकडं आला.

"आजोबा, हल्ला कुठे झाला?"

मी त्याला मोहाखाली नेलं. "इथं."

त्यानं खाली बघितलं. मीही बघितलं. सडा वाळत आला होता, सारखा, स्वच्छ. त्यावर नवीन दहा-वीस फुलं गळून पडली होती. झाडाला काय माहीत. तिथं काही झालं होतं असं कोणीच म्हटलं नसतं.

"इथे तर काहीच नाही," साहेब म्हणाला.

"रगत होतं. मी पुसलं."

"पुसलं? कशाला?"

मी म्हणालो, "असं ठेवत नाहीत जी."

"कोण ठेवत नाही?"

"कोणीच नाही ठेवत."

राग नव्हता साहेबाच्या तोंडावर. मी वेडा झालो आहे असं त्याला वाटलं असावं. बाहेर लोक ओरडतच होते आणि त्याला प्रेत लवकर दवाखान्यात पाठवायचं होतं. त्यानं गार्डाला विचारलं, "तुला काय वाटतं?" गार्ड आला तेव्हा रक्त तिथं होतं. तो त्याच्यावरून उडी टाकून गेला होता, मी पाहिलं. त्यानं जमिनीकडं बघितलं आणि म्हणाला, "सर, मी सरळ बॉडीकडं गेलो." हे खरंच होतं. सरळच गेला होता.

मग वहिनीला विचारलं. "बाई, तुम्ही पाहिलं ना? वाघाने धरलं तेव्हा त्या हद्दीच्या आत होत्या की बाहेर?"

वहिनीनं पदर तोंडात धरला. तिच्या घरी मोहाची तीन पोती वाळत होती आणि तिचं झाड एकच आहे, तेही अर्धं वाळलेलं. ती कुठून वेचते ते गार्डाला माहीत आणि मलाही माहीत. हद्द हा शब्द ऐकला आणि तिचा जीव आपल्या पोत्यांत गेला. म्हणाली, "मले नाही दिसलं जी. मी खाली पाहून राहिली होती. आवाज आयकू आला अन् मी पळाली."

घरी येऊन मला तिनंच सांगितलं होतं की मोहाखालून उचललं. ओसरीत, माझ्यापुढं. मी तिच्याशी तेव्हापासून बोललो नाही. ती मयतीत माझ्या पाया पडली, तरी नाही बोललो. लोक म्हणतात म्हाताऱ्या बाईवर एवढा राग बरा नव्हे. मी म्हणतो, तुमचं काय जाते.

मला पुसताना बघणारे दोन-चार जण गर्दीत मिसळले होते; पुढं विचारलं तर तेही म्हणाले, फारेस्टच्या कागदात आमचं नाव नको. तिथंच गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून पंचांच्या सह्या झाल्या. दोघंही पंच आमच्या गावचे. वाचून कोणी पाहिलं नाही. मी पण नाही. दहा दिवसांनी पोरानं नक्कल आणली तेव्हा ते वाक्य वाचलं.

पोरगा भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला आहे. चांगला आहे. पण त्याला सगळं लवकर निपटायचं असते. म्हणाला, "बाबा, आई तर गेली. कागदावर काय लिहिलं त्यानं आता काय होते?"

"तुह्या मायले चोर म्हटलं त्याईनं."

"चोर नाही म्हटलं. विनापरवाना म्हटलं."

"मग तुह्या दुकानातून कोणी विनापरवाना पाण्याचा पितळी गुंड नेला तर काय म्हणशील त्याले?"

सरकारी मदतीचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. लोक तेवढंच विचारतात. ती भेटो की न भेटो, मी तिच्यासाठी ऑफिसात जात नाही.

मी आणि पोरगा रेंजच्या ऑफिसात गेलो. मी म्हणालो, जंगलात कॅमेरे लावले आहेत ना, त्यात बघा. दुसऱ्या गावचे लाकूडवाले त्याच कॅमेऱ्यात सापडले होते. साहेबानं खरंच बघायला लावलं. आठ दिवसांनी गार्ड निरोप घेऊन आला. कॅमेऱ्याचं तोंड पाणवठ्याकडं होतं. ती आत चालत गेली असंही त्यात नाही, तिला आत ओढून नेली असंही नाही. गार्ड ओसरीत बसला, चहा घेतला नाही. म्हणाला, "बाबाजी, मले माहीत आहे जी. काकी कधी मुनारा ओलांडत नव्हती."

"मग त्या दिवशी काहून नाही बोललास?"

"रगत पाहिलं म्हटलं असतं तर साहेबानं विचारलं असतं, तू असताना पुसू कसा दिला. ती जागा राखायचं काम माहं होतं. माही नोकरी आहे जी."

"हव," मी म्हणालो. "तुही नोकरी आहे. वहिनीची पोती आहेत. मुनारा एक तिलेच होता."

वाघ महिन्याभरात धरला. डार्ट मारून, पिंजऱ्यात टाकून नेला. सगळं गाव मोबाईल घेऊन बघायला गेलं. मीही गेलो. तो जिभेनं पिंजऱ्याचा गज चाटत होता. त्याच्यावर माझा काही राग नव्हता. गार्डानं सांगितलं होतं, वाकून वेचणारं माणूस त्याला ढोरासारखं दिसते. त्यानं ढोर समजून धरलं. साहेबांनी चोर समजून लिहिलं. वाघाला तर लिहिता वाचता येत नाही.

मग एक दिवस मला जबाब द्यायला बोलावलं. पंचनामा बदलत नाही, साहेब म्हणाला, पण मयताच्या नवऱ्याचा जबाब त्याला जोडून वर जातो. तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. टेबलाशी बाबू बसला होता लिहायला.

बाहेर पोरगा मला शिकवत होता. "बाबा, पुसलं म्हणू नका. ढोरं आली, त्याईच्या पायानं गेलं म्हणा. नाही तर तुमच्यावरच येईल." मी त्याला म्हणालो, "ढोरं खराट्यानं झाडतात का?"

मी सगळं सांगितलं. टोपली, चप्पल, रक्त, कुत्रं, शेण, खराटा. बाबू लिहीत गेला. शेवटी वाचून दाखवलं : "घटनास्थळ हे स्वतःच्या शेतातील मोहाचे झाडाखाली असून तेथील रक्त मी शेणाने पुसून टाकले असे मयताचा पती सांगतो."

मी म्हणालो, "सांगतो काढा."

बाबू म्हणाला, "सगळ्यांच्या जबाबात असंच लिहितात."

"सगळ्यांचं असू द्या. मी सांगत नाही, मी पुसलं. पुसलं लिहा."

साहेबानं मान वर केली. त्याला समजलं मी काय म्हणतो ते. हुशार आहे तो. रक्त पुसलं असं पक्कं लिहिलं, तर रक्त तिथं होतं असंही पक्कं होते. नसलेलं कोण पुसते. आणि रक्त मोहाखाली होतं तर ती मोहाखाली होती, मुनाऱ्याच्या अलीकडं, आपल्या झाडाखाली.

"आजोबा," तो म्हणाला, "तसं लिहिलं तर पुरावा नष्ट केल्याची केस तुमच्यावर करावी लागेल मला."

"करा."

"कोर्टाच्या तारखा लागतील. या वयात."

"लागू द्या. मी मोकळाच आहे जी. घरी कोण वाट पाहते माही."

पोरानं माझा हात धरला. "बाबा, भंडाऱ्यात तोंड दाखवायचं आहे मले." मी हात सोडवला.

साहेब बाबूला म्हणाला, "राहू दे. 'सांगतो' असंच राहू दे." आणि मला म्हणाला, "तुमच्या घरात एवढं दुःख झालं आहे. त्यात मी तुम्हाला आरोपी करणार नाही. माझ्याच्याने होणार नाही ते."

बाबूनं मान हलवली. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं साहेबाला हात जोडले. सगळ्यांना साहेब देवमाणूस वाटला. असेलही. त्यानं माझ्यावर दया केली, आणि ती तिला भोवली. मी आरोपी झालो असतो तर ती सुटली असती. आता मी सुटलो आणि तिचं नाव परत त्यांच्या वहीत चढलं. आता तर उतरवायला तीही नाही.

मी सही केली नाही. "सही करण्यास नकार दिला," असं बाबूनं लिहिलं. तिथं 'सांगतो' लावलं नाही. ते पक्कं लिहिलं.

आता मी सोमवारी सोमवारी त्या ऑफिसात जातो. एसटीनं जातो, बाकड्यावर बसतो. साहेब आले की उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, माह्यावर केस करा." पहिल्यांदा ते समजावत होते. आता नुसतं मान हलवून आत जातात. गार्ड मला चहा आणून देतो आणि म्हणतो, "बाबाजी, कायले चक्कर मारता उन्हातान्हाचे? तुमच्यावर कोणी केस करत नाही जी."

मी त्याला म्हणतो, "तेच तर म्हणून राहिलो."